शांतम्माचं पुढं काय झालं?

नांदेड, १२ फेब्रुवारी २००१

प्रिय शिवगंगा,
अनेक आशीर्वाद.

तुला कळलं असेलच. आपली 'तातडी' बंद झाली! पहिल्या गुरुवारी दिसली नाही तेव्हा वाटलं, गुजरातेत एवढा भूकंप झालाय, सगळीकडे त्याच बातम्या आहेत, आठवडाभर दम धरू. गेल्या गुरुवारी जेवणाची आवराआवर करून टीव्हीपुढे बसले, तर समोर दोन सासवा, एक सून आणि भलतंच नाव. वाहिनीच्या कार्यालयात फोन लावला. तिथली मुलगी मंजुळ आवाजात म्हणाली, "मॅडम, ती मालिका संपली."

"संपली कशी? त्या भाजीवाल्या शांतम्माला ऑपरेशनच्या खोलीत नेलं, दार लागलं, आणि संपली?"

"प्रेक्षक कमी होते, मॅडम."

म्हणजे तू आणि मी कमी पडलो बघ.

शिवगंगा, इतक्या वर्षांत टीव्हीवर मला माणसांसारखी माणसं दिसली ती या एका मालिकेत. आडगावचा सरकारी दवाखाना, गळकं छप्पर, आणि त्यात ती डॉक्टर इरा. रोग्याला काही सांगायचं असलं की आधी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायची, मग बोलायची. माहीत नसलं तर "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणायची. मी एवढी वर्षं मास्तरकी केली, पण वर्गापुढे असं म्हणायला मला फार उशिरा जमलं. कुणी किंचाळत नव्हतं, कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळत नव्हता. अशी गोष्ट लिहिणाऱ्यांचं मला इतकं कौतुक वाटायचं! आणि तीच अर्ध्यात टाकली.

तुझ्या मेसमध्येही गुरुवारी पोरी ताटं घेऊन टीव्हीपुढे बसायच्या ना? त्या काय म्हणाल्या ते कळव. वाहिनीला मी रजिस्टर पत्र टाकलं आहे. शांतम्मा वाचते की नाही, निदान एवढं तरी सांगा म्हणावं.

तुझी,
सौदामिनीबाई

लातूर, १९ फेब्रुवारी २००१

बाईंना शिवगंगाचं शरणार्थ.

पत्र पोचलं. खरं सांगू का बाई, 'तातडी' बंद पडल्याचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. त्या गुरुवारी शांतम्माला आत नेलेलं बघितलं, आन् दुसऱ्याच दिवशी गुजरातचं झालं. टीव्हीवर माणसं हातानं माती उकरताना दिसली आन् मी टीव्हीवर चादर टाकली. अजून काढली न्हाई. सात वरसं होऊन गेली, पर माती उकरणारं माणूस दिसलं की मला आपलंच गाव दिसतंय. पोरी शहाण्या हायत. गुपचूप जुने कपडे गोळा केले आन् गुजरातला धाडून दिले.

आता त्या बारावीच्या परीक्षेत बुडून गेल्यात. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात पुस्तक. आमच्या गल्लीत घरं कमी आन् क्लासच्या पाट्या जास्त झाल्यात. मी आले तवा इथं दोन खानावळी होत्या, आता मोजायच्या सोडून दिल्या. अव्वा सकाळपासून भाकऱ्याच थापून राहिलीय. तिला म्हणलं, आई, दमलीस का? तर म्हणती, एवढे डॉक्टर माझ्या भाकरीवर होणार, मग दमून कसं चालंल?

धर्माबादची पुनम तर म्हणली, "मावशी, बरं झालं बंद पडली. त्या डॉक्टर इरा लई हळू बोलतात. तेवढ्यात माझा एक चॅप्टर होतोय."

बाई, तुमी कामून एवढा जीव जाळताव? नाटकातली बाई हाय ती. बरी झाली असंल न्हाईतर गेली असंल. सोडा. तब्येतीला जपा.

तुमची,
शिवगंगा

नांदेड, २७ फेब्रुवारी २००१

प्रिय शिवगंगा,

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. गुजरातच्या बातम्या पाहताना तुझ्या मनात काय चाललं असेल, याचा विचार न करता मी माझ्या मालिकेचं रडगाणं लावलं. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझा नवरा सिद्धलिंग गेला, घर गेलं, पायात सळया घालून तू सोलापूरच्या दवाखान्यात पडून होतीस. आणि त्याच पायांवर उभी राहून आज परक्या पोरींना जेवू घालतेस. मी तुला सातवीपर्यंत शिकवलं हे लोकांना सांगताना मला अजूनही मिरवावंसं वाटतं.

पण शांतम्मा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. "बरी झाली असंल न्हाईतर गेली असंल" असं म्हणून कसं चालेल? तुझ्याकडच्या पोरी डॉक्टर व्हायला निघाल्यात, परीक्षेतून मान वर काढतील तेव्हा त्यांना विचारशील? हृदयाची झडप आकसली म्हणजे ती बदलतात, ते खरंच होतं का? छाती मधोमध उघडतात म्हणे. हृदय थांबवतात. थांबवलेलं हृदय पुन्हा चालू होतंच का, की नाहीही होत? पन्नाशी उलटलेली बाई त्यानंतर जिने चढू शकते का, उभं राहून काम करू शकते का? आणि चार-चार उशांना टेकून बसूनच झोपावं लागतं, तेवढं तरी जातं का?

वाहिनीकडून उत्तर नाही. यज्ञेशचा पुण्याहून फोन होता. म्हणतो, "आई, तुला हवी तर दुसरी मालिका शोधून देतो." दुसरी काय करायची?

तुझी,
सौदामिनीबाई

लातूर, ६ मार्च २००१

बाईंना शिवगंगाचं शरणार्थ.

तुमचे सवाल पुनमपुढं ठेवले. उद्या तिचा पेपर, पर पोरगी लई गुणाची. पुस्तक मिटलं, अव्वाच्या परातीतलं पीठ सारखं केलं आन् त्यात बोटानं काळीज काढून दाखवलं. वरती दोन खोल्या, खालती दोन खोल्या, मधी दारं. म्हणली, मावशी, एक दार आखडलं की रगत पुढं सरकत न्हाई, माघारी छातीत साचतं. म्हणून धाप लागती. झडप बदलली की बहुतेक माणसं चांगली होतात, कामाला लागतात. थांबवलेलं काळीज पुन्हा चालू करतात, त्याचं येगळं यंत्र असतंय. मी म्हणलं, सगळीच बरी होतात? तर हात पुसत म्हणली, सगळी न्हाई मावशी, पर बहुतेक.

मग अव्वानं त्या काळजाच्या भाकऱ्या थापल्या आन् पोरींनी खाल्ल्या.

आता मी एक इचारते. रागावू नका.

'तातडी' मी पहिल्यापासून बघितलीय. शांतम्मा चटईवर झोपायची. भाजीचा पाला उशाला घेऊन बाजारात झोपलेली दाखवली होती, तुमाला लई आवडलं होतं ते. चार उशा तिच्याकडं कधीच नव्हत्या.

बाई, त्या उशा कुणाच्या?

शिवगंगा

नांदेड, १३ मार्च २००१

प्रिय शिवगंगा,

माझ्या.

तुला खोटं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. शेवटी हा तिसरा.

लहानपणी हिमायतनगरला असताना मला मोठा ताप आला होता, सांधे सुजले होते. आई म्हणायची, वाढीचा ताप आहे. तो हृदयाच्या झडपेवर बसून राहिला म्हणे, इतकी वर्षं. दिवाळीच्या आधी फळ्यावर लिहिता लिहिता मला खुर्ची धरावी लागली, तेव्हा इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हैदराबादला जा, झडप बदलून घ्या, फार दिवस लावू नका. मी "बरं" म्हणाले आणि घरी येऊन कुणालाच काही बोलले नाही. हल्ली तुला फोन करत नाही तेही त्यामुळेच. फोनवर धाप ऐकू येते. कागदाला धाप लागत नाही.

आणि मग मालिकेत शांतम्मा आली. नेमका तोच आजार घेऊन! हसू नकोस, पण मी ठरवलं, आधी हिला जाऊ दे. ही बाहेर येऊन डोळे उघडेल, डॉक्टर इरा स्टूल ओढून तिच्याजवळ बसेल, हे एकदा डोळ्यांनी पाहीन आणि मग हैदराबादचं तिकीट काढीन. शहाण्यासुरत्या बाईने असं करावं का? पण केलं. म्हणून त्या दोन सासवा दिसल्या तेव्हा मला रडू कोसळलं. मला वाटलं, त्या दारामागेच राहिली ती.

आता मी ठरवलंय की करायचं नाही. गोळ्यांवर निघतील तेवढे दिवस काढायचे. यज्ञेशचे बाबा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, तेव्हा तो आठवीत होता. दवाखान्याच्या बाकावर माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसला होता. त्याला पुन्हा त्या बाकावर बसवायची माझी हिंमत नाही. तुला माझी शपथ आहे, त्याला कळवू नकोस.

सौदामिनीबाई

लातूर, १८ मार्च २००१

बाई,

तुमचं पत्र मी चुलीपुढं वाचलं. वरण करपलं. पोरींनी तसंच खाल्लं.

तुमी मला मोठ्या जिगरीची समजताव. प्रत्येक पत्रात लिवताव. आज खरं सांगते. सोलापूरला माझ्या पायाची ऑपरेशनं झाली, तवा मला कुणी इचारलंच न्हाई. ढिगाऱ्यातून काढलं, गाडीत टाकलं, टेबलावर घातलं. जाग आली तवा सळया घालून झाल्या होत्या. इचारलं असतं तर मी बी न्हाईच म्हणले असते. म्हणले असते, मालक गेले, आता पाय घेऊन कुठं जाऊ? त्यात माझी कसली आली हिंमत.

तुमाला मात्र इचारून राहिलेत. होय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, आन् ते बी पूर्ण शुद्धीत. हे माझ्यापेक्षा लई अवघड हाय. म्हणून भ्या वाटतंय. त्यात लाजायचं काही न्हाई.

पर यज्ञेशचं तुमी चुकीचं धरलंव. तो आता आठवीत न्हाई. त्याला न सांगता तुमाला काही झालं, तर तो जल्मभर त्या बाकावरच बसून राहील. मला ठावं हाय. मला बी मालकांशी बोलायचं राहून गेलं.

म्हणून तुमची शपथ मी मोडून राहिले. पाप लागलं तर मला लागंल. मेस अव्वा आन् पुनम बघतील. पुनमचा शेवटचा पेपर झाला, म्हणली, "मावशी, तुमी जा, खिचडी तर खिचडी." शुक्रवारच्या गाडीनं नांदेडला येतेय. दार उघडा म्हणजे झालं, बाकी काही करू नका.

शिवगंगा

लातूर, १८ मार्च २००१

चि. यज्ञेशदादाला शिवगंगाअक्काचा आशीर्वाद.

तुझ्या आईच्या काळजाची झडप खराब झालीय. दिवाळीपासून ठावं हाय त्यांना. हैदराबादला ऑपरेशन करायचं हाय आन् त्या न्हाई म्हणतात, तुझ्या फिकिरीनं. तुला सांगायचं न्हाई म्हणून मला शपथ घातलीय.

रजा काढ आन् ये. फोनवर रडू नको, त्यांना उत्तर देताना धाप लागती. बाई तुला रागावतील, मला बी रागावतील. दोघं मिळून ऐकून घेऊ.

अक्का

नांदेड, ४ जून २००१

प्रिय शिवगंगा,

किती दिवसांनी तुला पत्र लिहिते आहे! मधले दिवस तू समोरच होतीस, लिहिणार कुणाला? डॉक्टरांनी आता टेबलाशी बसायची परवानगी दिली आहे, म्हणून पहिलं पत्र तुलाच.

आधी रागावते. शपथ मोडलीस! यज्ञेश दारात उभा राहिला तेव्हा तुमच्या दोघांशी मी जेवेपर्यंत बोलले नाही. आता तुला सांगायला हरकत नाही, त्याचा चेहरा पाहिला तेव्हाच माझं अर्धं ओझं उतरलं होतं. नंतरचा राग नुसता रीतीपुरता होता.

हैदराबादचं तुला पाठ आहेच, पण काही गोष्टी तुझ्याबद्दलच्या आहेत आणि त्या तू स्वतः कधी सांगणार नाहीस. ते मोठे सर्जन आठवतात? दारातूनच, घड्याळाकडे बघत, इंग्रजीत भराभर यज्ञेशला सांगत होते. तू कोपऱ्यातलं स्टूल उचललंस, पलंगाशी आणून ठेवलंस आणि म्हणालीस, "साहेब, बसा जरा. काळीज ह्यांचं हाय, ह्यांना सांगा." मला वाटलं, आता हे चिडणार. आणि ते बसले, शिवगंगा! बसले, चष्मा काढला आणि हिंदीत, सावकाश, सगळं मला सांगितलं. किती धोका आहे तेही. शेवटी म्हणाले, "डर लगता है?" मी म्हटलं, "बहुत." ते म्हणाले, "मुझे भी, हर बार." त्या क्षणी मी सही करायला पेन मागितलं. माणूस चांगलाच होता, त्याला फक्त कुणी बसवलेलं नव्हतं.

यज्ञेशने मला बाहेरचं सांगितलं. मी आत असताना तू त्या निजामाबादकडच्या बाईला जवळ घेऊन बसली होतीस म्हणे. तिचा नवरा माझ्याच आधी आत गेला होता. ना तिला मराठी, ना तुला धड तेलुगू, पण उदगीरच्या बाजारात ऐकलेल्या चार शब्दांवर तू तिला दिवसभर धीर दिलास, तिच्या तोंडात धपाट्याचा घास घातलास. यज्ञेश म्हणाला, "आई, मी अक्काकडे बघत बसलो आणि मला भीतीच वाटली नाही." त्याला त्या बाकावर बसवायला मी घाबरत होते. त्या बाकावर तू असशील हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

'तातडी' अर्धीच राहिली याचं मला अजूनही वाईट वाटतं. यज्ञेशने केबल घेऊन दिली. त्यावर दवाखान्याची एक नवी मालिका लागते. डॉक्टरांचे केस इतके नीट की ऑपरेशननंतरही भांग मोडत नाही. दोन भाग पाहिले, बंद केली. जे चांगलं होतं ते गेलं, त्याची भरपाई नाही. पण शांतम्मा वाचली असणार असं आता मला वाटतं.

झडप धातूची बसवली आहे. खोली शांत असली की टिकटिक ऐकू येते. पहिल्या दिवशी मी यज्ञेशला म्हटलं, ते घड्याळ काढून ठेव. खोलीत घड्याळच नव्हतं.

जुलैत शाळेची रजा वाढवून लातूरला येते. पोरींना सांग, अंबाडीची भाजी बाईंना बेताने वाढा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, पालेभाजी जास्त चालत नाही.

तुझी,
सौदामिनीबाई

लातूर, २३ जुलै २००१

बाईंना शिवगंगाचं शरणार्थ.

तुमी जाऊन चार रोज झाले, मेस अजून तुमचंच बोलून राहिलीय. पोरींनी एकेक करून तुमच्या पाठीला कान लावला ते त्यांच्या डोक्यातून जात न्हाई. एक म्हणली, पुस्तकात झडपेचं चित्र हाय, पर ती बोलती हे कुणी लिवलं न्हाई. पुनमचा यंदा मेडिकलला नंबर लागला न्हाई हे तुमाला ठावंच हाय. पेटी बांधून बसली होती. सगळ्यांत जास्त येळ तिनंच कान लावला. तुमी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवलाव, ते बरं केलंव. धर्माबादला जाऊन आली. काल माघारी आली, रिपीटरच्या बॅचला बसलीय.

मी कान लावला न्हाई हे तुमी बघितलंव. निघताना म्हणलाव बी, "तुला नको वाटतं का गं?" मी तुमची पिशवी उचलून दिली. आता लिवते. तोंडानं आलं नसतं.

भूकंपात मी आन् मालक शेजारीच गाडलो गेलो होतो. मधी छताच्या माळवदाचं एक लाकूड. दिसत न्हवतं, पर त्यांचा आवाज येत होता. ते हातानं त्या लाकडावर वाजवत होते, मी जित्ता हाय म्हणून. मी बी वाजवत होते. लई येळ. मग त्यांचा आवाज सावकाश झाला, आन् मग थांबला. मी वाजवतच राहिले. हे मी अव्वाला बी सांगितलं न्हाई.

तवापासून मला शांत घर सोसत न्हाई. मेस काढली ती पोटासाठी तर खरंच, पर आवाजासाठी बी. भांडी, पोरी, गॅसची सूं सूं, रस्त्यावरच्या सायकली. कुठंतरी काहीतरी वाजत राहिलं पाहिजे. आन् तुमची टिकटिक सुरू हाय म्हणलं की मला भ्या वाटायचं, कान लावला आन् तवाच थांबली तर?

तुमी निघायच्या दिवशी सकाळी तुमी आतल्या खोलीत निजला होताव. अव्वा देवाला गेली होती, पोरी क्लासला. मी चहाचं आधण ठेवलं होतं. काय वाटलं कुणास ठाऊक, गॅस बंद केला. नळ बंद केला. उंबऱ्यात बसले.

पहिल्यांदा काहीच ऐकू आलं न्हाई. मग आलं.

ऊन आत येस्तोवर बसले होते, बाई. थांबली न्हाई. मी उठले, गॅस पेटवला, चहा केला, आन् तुमाला हाक मारली. त्या दिवशी तुमी म्हणलाव, चहाला आज उशीर केलास. त्याचं कारण हे.

तुमची,
शिवगंगा